धोटा पोचला, खट् मागाहून आला: मोबाइल गेमच्या आवाजात या चुका टाळा

समजा, सोलापुरी चादरीवर गेम करताय. खेळणाऱ्यानं बोट टेकवलं की धोटा (मागावर आडवं सूत नेणारी नळी) या काठावरून त्या काठावर जातो आणि 'खट्' वाजतं. लॅपटॉपला हेडफोन लावून ऐकलं तर झकास. तोच गेम सात रस्त्यावर, रिक्षात बसून, आठ-दहा हजारांच्या फोनवर लावा. धोटा सरकताना दिसतो, पण खट् ऐकूच येत नाही. किंवा येतं ते धोटा पोचून गेल्यावर. बहुतेक चुका या दोन तक्रारींच्या मागे सापडतात.

आवाज ऐकूच येत नाही

फोनचा स्पीकर नखाएवढा. साधारण ३०० हर्ट्‌झच्या खालचं त्यातून फारसं बाहेर पडत नाही. ढोलाचा घुमारा, स्फोटाचा दणका, यंत्रमागाची जमिनीतून जाणवणारी घरघर, सगळं तिथंच जिरतं. मग लोक व्हॉल्यूम वाढवतात. त्यानं दणका येत नाही, स्पीकर तेवढा फाटका वाजू लागतो. खरा उपाय वेगळा आहे: १५० हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास फिल्टर (त्याखालचे आवाज गाळणारा) लावून खालचा भार काढा आणि दणक्यावर २ ते ४ किलोहर्ट्‌झमधला एक छोटा, कडक थर चढवा. मिरवणुकीतली हलगी आठवा. गर्दी कितीही असो, तिचा कडकडाट कापत येतो. फोनला तसाच आवाज मानवतो.

कडक आवाज विकतच घ्यायला हवा असं नाही. वाळकी फांदी किंवा कौल फुटल्याचा आवाज हवा असेल तर कडक भाकरी माइकपासून वीतभर अंतरावर मोडून बघा. माग रेकॉर्ड करायचा असेल तर मात्र शेडमध्ये एकच माग चालू असेल अशी वेळ मालकाशी बोलून ठरवा. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. फोनच्या साध्या रेकॉर्डरवर बरेचदा आपोआप पातळी बदलत राहते आणि ठोका दबतो, तेव्हा ते सेटिंग बंद करता येणारं अ‍ॅप वापरा.

चाचणी अर्ध्या व्हॉल्यूमवर आणि पंखा पाचवर ठेवून करा. मे महिन्यात सोलापुरात गेम याच परिस्थितीत खेळला जाणार आहे.

आवाज उशिरा येतो

आधी मोजा. टेस्टिंगच्या फोनशेजारी दुसरा फोन रेकॉर्डिंगला ठेवा आणि काचेवर नखानं टॅप करा. रेकॉर्डिंगमध्ये नखाची 'टक' येईल, मग गेमचं 'खट्'. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही टोकांमधलं अंतर मिलिसेकंदांत बघा. ५० च्या आत असेल तर सोडून द्या. १०० च्या पुढं गेलं की खेळणाऱ्याला गेमच जड वाटतो, आवाजाचं नाव तो घेत नाही.

पहिला संशय फाइलवर घ्या. एमपी३ करताना एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता घालतो, त्यामुळे छोट्या इफेक्टसाठी वेव्ह किंवा ऑग व्हॉर्बिस वापरा. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, जिथं जोडला जातो तिथं येणारी उचकीही बहुतेक वेळा याच शांततेची असते. वेव्हफॉर्म मोठा करून पहिला ठोका अगदी सुरुवातीला आणा.

दुसरा संशय बफरवर, म्हणजे वाजण्याआधी आवाज जिथं साठतो त्या तुकड्यावर. युनिटी या गेम बनवण्याच्या इंजिनात प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या ऑडिओत डीएसपी बफर साइज 'बेस्ट लेटन्सी'वर ठेवा. स्वस्त फोनवर चरचर आली तर एक पायरी मागे, 'गुड लेटन्सी'वर या. १०२४ सॅम्पलचा एक बफर ४८ किलोहर्ट्‌झला २१ मिलिसेकंद खातो, आणि बफर सहसा एकाहून जास्त असतात.

थेट अँड्रॉइडवर लिहीत असाल तर आवाज वाजवणाऱ्या त्याच्या साधनांपैकी छोट्या इफेक्टसाठी मीडियाप्लेयर नको, साउंडपूल घ्या. त्यातही फाइल लोड झाल्याची खबर येण्याआधी वाजवायला सांगितलं तर काहीच वाजत नाही. पहिला टॅप मुका जाण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. सी++ मध्ये काम असेल तर गूगलची ओबो लायब्ररी आहे.

ब्लूटूथचा उशीर मात्र तुमच्या हातात नाही, तो सहज १५० मिलिसेकंदांच्या पुढं जातो. तालाच्या गेममध्ये उशीर जुळवायचा स्लायडर द्यावाच लागतो.

आवाज फाटतो, फोन धापा टाकतो

एकच फाइल एकाच क्षणी दोनदा वाजली की पातळी ६ डेसिबलनं चढते. दहा नाणी एकदम गोळा झाली की काय होईल ते उघड आहे. एका इफेक्टच्या एका वेळी जास्तीत जास्त ३ प्रती आणि दोन प्रतींत निदान ५० मिलिसेकंदांचं अंतर, एवढा नियम कोडमध्ये घाला. खट्-ची ३-४ वेगळी रेकॉर्डिंग घेऊन दर वेळी पिच (आवाजाची पट्टी) ३ ते ५ टक्के वरखाली केला तर कान लवकर विटत नाही.

स्टिरिओ संगीताचा एक मिनिट उलगडला की मेमरीत सुमारे १० एमबी बसतो. म्हणून युनिटीत पार्श्वसंगीत 'स्ट्रीमिंग'वर (थोडं थोडं वाचून वाजवणं), छोटे इफेक्ट 'डिकम्प्रेस ऑन लोड'वर आणि इफेक्ट सगळे मोनो.

खेळणारा गेमच काढून टाकतो

अँड्रॉइडवर फोन सायलेंट केला तरी मीडियाचा आवाज चालूच राहतो. लग्नाच्या मांडवात हळूच गेम उघडणाऱ्याचा विचार करा आणि संगीत व इफेक्ट यांची बटणं वेगवेगळी, पहिल्याच स्क्रीनवर द्या. निवड सेव्ह झाली पाहिजे. आयफोनवर ऑडिओ सेशन 'अँबियंट' ठेवलं तर सायलेंटचं बटण पाळलं जातं आणि मागे चालू असलेलं गाणंही तुटत नाही. कॉल आला की ऑडिओ फोकस, म्हणजे आवाज वाजवण्याचा गेमचा हक्क, जातो. तो परत आल्यावर गेम पॉजवरच राहू द्या, संगीत आपणहून दणक्यात सुरू करू नका.

फुकट उतरवलेल्या आवाजाचा परवानाही बघा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये 'नॉन-कमर्शियल' लिहिलेली फाइल जाहिराती दाखवणाऱ्या गेममध्ये घालू नका. 'अ‍ॅट्रिब्यूशन' असेल तर श्रेयाच्या पानावर नाव द्या. 'सीसी झीरो'ला नाव देण्याची सक्ती नाही, पण फाइल कुठून आणि कधी घेतली ते एका शीटमध्ये त्याच दिवशी लिहून ठेवा.