ओपन ॲक्सेस शोधनिबंध : करारावर सही करण्यापूर्वी काय तपासावे

शोधनिबंध ओपन ॲक्सेस नियतकालिकात प्रसिद्ध झाला म्हणजे तो कोणालाही विनामूल्य वाचता येईल, एवढेच नक्की होते. त्याचा कॉपीराइट कोणाकडे राहिला आणि वाचकाला त्या मजकुराचे पुढे काय करता येईल, हे प्रश्न त्याहून वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर लेखकाने सही केलेल्या करारात असते, तर दुसऱ्याचे निबंधावर छापलेल्या परवान्यात. म्हणून निबंध पाठवण्यापूर्वीच नियतकालिकाच्या संकेतस्थळावरून कराराचा नमुना आणि परवान्याविषयीचे धोरण उतरवून घेऊन दोन्ही वाचावेत. स्वीकृतीचे पत्र आल्यावर, विशेषतः पदोन्नतीचा अर्ज भरायचा असताना, करार शांतपणे वाचणारे प्राध्यापक फार थोडे.

अशी बहुतेक नियतकालिके क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे परवाने, म्हणजे मजकूर पुढे कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारे सहा तयार परवाने, वापरतात आणि त्यांची सध्याची 4.0 ही आवृत्ती 2013 सालची आहे. श्रेय देणे ही अट सहाही परवान्यांत असते. व्यावसायिक वापर नको, बदल नकोत आणि नवी कृतीही त्याच परवान्याने द्यावी, या अटी जोडून उरलेले परवाने तयार होतात. केवळ श्रेयाची अट असलेला परवाना म्हणजे सीसी बाय. युरोपातील निधी देणाऱ्या संस्थांनी 2018 साली जाहीर केलेल्या ‘प्लॅन एस’ या ओपन ॲक्सेसविषयीच्या धोरणाने सर्वसाधारणपणे हाच परवाना अपेक्षित धरला आहे, आणि विशेष कारण नसेल तर लेखकाने तोच निवडावा, असे माझे मत आहे.

‘बदल नकोत’ ही अट, म्हणजे परवान्याच्या नावातील एनडी, वरवर पाहता लेखकाच्या हिताची वाटते; परंतु भाषांतर हाही बदलच मानला जात असल्यामुळे असा इंग्रजी निबंध कोणी मराठीत आणला, तर लेखी परवानगीवाचून ते भाषांतर प्रसिद्ध करता येत नाही. ‘व्यावसायिक वापर नको’ म्हणजे एनसी ही अट असली, तर विक्रीसाठी निघणाऱ्या मराठी अभ्यासग्रंथात तो लेख घेताना संपादकाला पुन्हा परवानगी शोधावी लागते, आणि मराठी विकिपीडियावर तर या दोनपैकी कोणतीही अट असलेला मजकूर जसाच्या तसा घेता येत नाही. अपवाद अर्थात आहेत. गावोगावी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या किंवा मुलाखती निबंधाबरोबर देताना, सांगणाऱ्या व्यक्तींनी संमती नेमकी कशासाठी दिली होती हे पाहून एनसी अट ठेवणे योग्य ठरू शकते. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून हा विचार आधीच झालेला बरा.

कराराकडे मात्र अधिक वेळ द्यावा. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हस्तांतर करणाऱ्याच्या सहीनेच व्हावे लागते. त्यात कृती कोणती, कोणते हक्क, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशापुरते दिले, हे नमूद असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा मानतो. ‘सदर लेखाचे सर्व हक्क नियतकालिकाकडे राहतील’ असे एक वाक्य छापून आपले काम झाले, असे समजणाऱ्या महाविद्यालयीन नियतकालिकांच्या संपादकांनी हे कलम अवश्य वाचावे. मोठ्या परदेशी प्रकाशकांच्या करारात मात्र मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहिलेले असतात, त्यामुळे तेथे या तरतुदीचा आधार सहसा मिळत नाही.

आणखी एक वाक्य बारकाईने पाहावे. ‘कॉपीराइट लेखकाकडेच राहील’ असे ठळक अक्षरांत लिहून पुढे प्रकाशकाला अनन्य, म्हणजे फक्त त्यालाच वापराचा हक्क देणारा, परवाना देण्याचे कलम असेल, तर मालकी नावापुरती लेखकाकडे राहते आणि व्यावसायिक वापराची परवानगी देण्याचा अधिकार प्रकाशकाकडे जातो. अशा वेळी ‘अनन्य’ऐवजी ‘अनन्य नसलेला’ असा बदल करण्याची विनंती संपादकांना ईमेलने करावी आणि उत्तर जपून ठेवावे. सहलेखक असतील तर सर्वांची लेखी संमती घ्यावी. कलम 57 खालील लेखकाचे विशेष हक्क, म्हणजे कर्तृत्व सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क, हस्तांतरणानंतरही लेखकाकडे राहतात.

जे आपले नाही त्याचा परवाना आपल्याला देता येत नाही. साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. बा. सी. मर्ढेकर 1956 साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता 2017 च्या आरंभापासून मुक्त आहेत. कुसुमाग्रज 1999 साली गेले, त्यांच्या कवितांचे हक्क 2059 अखेरपर्यंत राहतील. समीक्षेसाठी आवश्यक तेवढ्या ओळी उद्धृत करण्यास कलम 52 मुभा देते, परंतु संपूर्ण कविता सीसी बाय निबंधात छापायची असेल तर हक्कदारांची परवानगी घ्यावी आणि ‘ही कविता या निबंधाच्या परवान्यात समाविष्ट नाही’ असे तिच्याखाली लिहावे. छायाचित्रे, नकाशे आणि दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेल्या आकृत्या यांनाही हेच लागू आहे.

वर्गणीच्या नियतकालिकात लिहिणाऱ्यालाही निबंध खुला करण्याची वाट असते. समीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारून स्वीकारली गेलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत विद्यापीठाच्या भांडारात, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवण्यास अनेक प्रकाशक, काही वेळा ठराविक कालावधीनंतर, परवानगी देतात. कोण कोणत्या अटीवर देतो हे ब्रिटनमधील जिस्क संस्थेच्या ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या सूचीत, म्हणजे पूर्वीच्या शेर्पा रोमिओवर, पाहता येते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीतून झालेल्या संशोधनाबाबत तर 2014 च्या धोरणानुसार अशी प्रत भांडारात ठेवणे अपेक्षितच आहे. त्यासाठी स्वीकृतीच्या दिवशीच ती वर्ड फाइल तारखेसह वेगळी जतन करावी, कारण पुढे प्रकाशकाची छापील पीडीएफ मिळते आणि नेमकी हीच प्रत सापडेनाशी होते.