हुरडा कोणाच्या घरी? फुली-गोळ्याने तर्ककोडे सोडवण्याची रीत

तर्ककोडे हातात आले की बहुतेक जण ‘कोण कुठे आहे’ याचा शोध घेऊ लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या विधानापाशी अडकतात. माझा अनुभव उलट आहे. ‘कोण कुठे असू शकत नाही’ हे आधी नेटाने लिहून काढले, तर उरलेली जागा आपोआप उघडी पडते, आणि अंदाज बांधण्याची वेळ सहसा येत नाही. त्यासाठी एक पेन्सिल, एक खोडरबर आणि चौकटीचा कागद पुरतो. पेन मात्र वापरू नये.

या प्रकारातले सर्वांत प्रसिद्ध कोडे ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकाच्या १७ डिसेंबर १९६२ च्या अंकात आले होते. पाच रंगांची पाच घरे, पाच देशांचे रहिवासी, प्रत्येकाचा पाळीव प्राणी, पेय आणि सिगारेट वेगळी. अशी पंधरा विधाने देऊन शेवटी दोनच प्रश्न विचारले होते: पाणी कोण पितो आणि झेब्रा कोणाचा? गंमत अशी की पंधरापैकी एकाही विधानात पाणी किंवा झेब्रा यांचे नावच नाही. उत्तर २५ मार्च १९६३ च्या अंकात छापले गेले. हे कोडे आइनस्टाइनने लहानपणी रचले आणि जगातल्या दोनच टक्के लोकांना ते सुटते, असे जे सांगितले जाते त्याला पुरावा नाही. कोड्यात ‘कूल’ सिगारेटचा उल्लेख आहे. ती सिगारेट १९३३ मध्ये बाजारात आली, आणि तोपर्यंत आइनस्टाइनने पन्नाशी ओलांडली होती.

पाच घरांच्या त्या कोड्यात सगळ्या गोष्टी मांडण्याचे २,४८८ कोटी ३२ लाख प्रकार होतात, म्हणून सुरुवात लहान कोड्याने करावी. खालचे कोडे मी आपल्या सोलापूरच्या बेताने रचले आहे आणि त्यात १३,८२४ मांडण्या शक्य आहेत.

गड्ड्याच्या यात्रेचे, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचे, दिवस आहेत. साखर पेठेतील एका वाड्यात चार घरे एका रांगेत आहेत. आपण त्यांच्याकडे तोंड करून उभे आहोत आणि डावीकडून उजवीकडे त्यांना १ ते ४ असे क्रमांक दिले आहेत. प्रत्येक घरापुढे वेगळ्या रंगाची चादर वाळत आहे (लाल, हिरवी, निळी, पिवळी), प्रत्येक घरात वेगळी भाषा बोलली जाते (मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू) आणि पाहुण्यांसाठी प्रत्येकाने वेगळा पदार्थ काढून ठेवला आहे (शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाटे, हुरडा).

(१) तेलुगू घरापुढे लाल चादर आहे. (२) हिरवी चादर लाल चादरीच्या लगेच उजवीकडे आहे. (३) उर्दू घर रांगेच्या एका टोकाला आहे. (४) निळी चादर उर्दू घराच्या लगतच्या घरापुढे आहे. (५) कडक भाकरी कन्नड घरात आहे. (६) कडक भाकरीचे घर आणि निळ्या चादरीचे घर यांच्यामध्ये नेमके एक घर आहे. (७) शेंगाचटणी कडक भाकरीच्या लगतच्या घरात आहे. (८) धपाट्यांच्या घरापुढे पिवळी चादर नाही. तर हुरडा कोणाच्या घरी आहे?

विधाने दोनदा वाचावीत आणि दुसऱ्या वाचनात शब्दांचे अर्थ पक्के करावेत. ‘लगत’ म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे. ‘लगेच उजवीकडे’ म्हणजे मधे एकही घर नाही आणि दिशाही ठरलेली. उजवी बाजू पाहणाऱ्याची की दारात उभ्या असलेल्या माणसाची, हेही आधीच ठरवून घ्यावे. मी एकदा ‘शेजारी’ हा शब्द नकळत ‘उजवीकडे’ असा वाचला आणि एका रविवारची अख्खी दुपार कोडेच चुकीचे छापले आहे असे म्हणत बसलो होतो.

आता कागदावर वर १ ते ४ असे चार उभे रकाने आखावेत आणि खाली बारा आडव्या ओळी: चार रंगांच्या, चार भाषांच्या, चार पदार्थांच्या. एकूण ४८ चौकोन होतात. नक्की नाही तिथे फुली, नक्की आहे तिथे गोळा, आणि जे ठरले नाही ते कोरे. माझे मामा चादरींची जेकार्ड (भोके पाडलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाइन ग्राफ पेपरवर काढत असत. त्या कागदावर भरलेला चौकोन म्हणजे कार्डाला भोक आणि कोरा चौकोन म्हणजे भोक नाही. तीच सवय घेऊन मी कोड्याकडे गेलो आणि फसलो, कारण इथे कोरा चौकोन ‘नाही’ असे म्हणत नाही, तो फक्त ‘अजून माहीत नाही’ असे म्हणतो. ‘नाही’ हे फुली मारूनच सांगावे लागते. एक गोळा पडला की त्याच गटातील त्या ओळीत तीन आणि त्या रकान्यात तीन, अशा सहा फुल्या लगेच भराव्यात; आळस केला की पुढचा धागा दिसत नाही.

पहिल्या फेरीत एकेकटे विधान घेऊन मिळतील तेवढ्या फुल्या माराव्यात. दुसऱ्या विधानावरून लाल ४ मध्ये नाही आणि हिरवी १ मध्ये नाही. लाल आणि तेलुगू एकत्रच असल्यामुळे तेलुगूलाही ४ मध्ये फुली. उर्दू टोकाला आहे, म्हणून उर्दूला २ आणि ३ मध्ये फुल्या.

चौथे विधान जरा थांबून पाहण्यासारखे आहे. उर्दू घर १ असेल तर निळी २ मध्ये, आणि ४ असेल तर निळी ३ मध्ये. यांपैकी कोणते खरे हे आज ठरवता येत नाही, पण दोन्ही वाटांनी गेले तरी निळी चादर टोकाला येत नाही. म्हणून निळीला १ आणि ४ मध्ये निर्धास्त फुल्या माराव्यात. आता लाल २ मध्ये मानून पाहा: हिरवी ३ मध्ये जाईल आणि निळीला जागाच उरणार नाही. म्हणजे लालला २ मध्येही फुली. लाल आता १ किंवा ३ मध्येच आहे.

सहाव्या विधानाला हीच युक्ती लावावी. निळी २ मध्ये असेल तर कडक भाकरी ४ मध्ये, निळी ३ मध्ये असेल तर १ मध्ये. म्हणजे भाकरी टोकालाच आहे आणि तिच्याबरोबर, पाचव्या विधानामुळे, कन्नड घरही.

इथे कोड्याची गाठ सुटते. उर्दूला फक्त १ आणि ४ मोकळे आहेत, कन्नडलाही फक्त १ आणि ४ मोकळे आहेत. कोण कोणत्या टोकाला हे अजून ठाऊक नाही, तरीही दोन टोके त्या दोघांनी मिळून अडवली, हे नक्की आहे. म्हणून तेलुगू आणि मराठी दोघांनाही १ आणि ४ मध्ये फुल्या पडतात. तेलुगू १ मध्ये नाही म्हणजे लालही १ मध्ये नाही. लाल २ आणि ४ मध्ये नाही हे आधीच ठरले होते. लाल ३ मध्ये, हा आपला पहिला गोळा. एवढ्या उशिरा पहिला गोळा पडतो म्हणून नवखा माणूस कंटाळतो, पण यानंतरचे काम भराभर होते: तेलुगू ३, हिरवी ४, निळी २, पिवळी १; निळी २ मध्ये म्हणून भाकरी आणि कन्नड ४ मध्ये, उर्दू १ मध्ये, मराठी २ मध्ये. चौथ्या घराच्या लगत फक्त तिसरे घर आहे, म्हणून शेंगाचटणी ३ मध्ये. धपाटे पिवळ्या चादरीच्या घरात नाहीत, म्हणून ते २ मध्ये. हुरडा उरला तो पहिल्या घरात, म्हणजे उर्दू बोलणाऱ्यांकडे.

उत्तर आले की आठही विधाने पुन्हा एकेक वाचून पडताळावीत. हे काम मिनिटाचे आहे, आणि चूक असेल तर ती इथेच सापडते.

फुल्या मारून संपल्या आणि तरीही काही हलत नसेल, तर मगच गृहीत धरावे, आणि तेही जिथे दोनच शक्यता आहेत अशा जागी. गृहीताची सुरुवात जिथे केली तिथे कागदावर खूण करावी आणि त्यापुढच्या खुणा फिकट काढाव्यात, किंवा सरळ दुसऱ्या कागदावर नक्कल करून घ्यावी. वरच्या कोड्यात ‘उर्दू ४ मध्ये’ असे गृहीत धरले, तर निळी ३ मध्ये, भाकरी १ मध्ये येते. लाल-हिरवी जोडीला मात्र १ आणि २ एवढीच जागा उरते, म्हणून पहिले घर तेलुगूही ठरते आणि कन्नडही. विरोध आला की ते गृहीत खोटे, हे शंभर टक्के ज्ञान आहे. विरोध न येणे मात्र काहीच सिद्ध करत नाही.

झेब्र्याच्या कोड्यालाही याच वाटेने हात घालावा. त्यात नॉर्वेचा माणूस पहिल्या घरात आहे आणि त्याच्या शेजारी निळे घर आहे, म्हणजे निळे २ मध्ये. पहिले घर लाल नाही, कारण लाल घरात इंग्रज राहतो. हस्तिदंती रंगाच्या घराच्या लगेच उजवीकडे हिरवे घर आहे, म्हणून हिरवे पहिले असू शकत नाही. आणि हस्तिदंती पहिले असते तर दुसरे हिरवे झाले असते, पण ते निळे आहे. उरतो पिवळा. पहिले घर पिवळे आहे, असे कोणतेही विधान सांगत नाही.

स्वतः कोडे रचायचे असेल, तर आधी उत्तराचा तक्ता भरून घ्यावा, मग विधाने लिहावीत आणि एकेक विधान झाकून उत्तर एकच राहते का ते पाहावे. वरच्या कोड्यात आठवे विधान झाकले, तर हुरडा आणि धपाटे यांची अदलाबदल होऊन दोन उत्तरे निघतात. सातवे झाकले तर चार. तिसरे झाकले तरीही चारच उत्तरे येतात, पण त्यांपैकी तिघांत तेलुगू घर पहिले असते आणि सगळी रांगच बदलते. ती तीन उत्तरे नव्या कागदावर शोधून पाहावीत.