मुलीचे केस पहिल्यांदा काढताय? या चुका टाळा

मुलीला घेऊन आई पार्लरमध्ये आली की तिच्या पहिल्या वाक्यावरूनच मला अंदाज येतो. "ही कधीपासून विचारतेय, काय करू या?" असं असेल तर काम सोपं. "ताई, हिच्या हातावर बघा ना किती केस आहेत," असं असेल आणि मुलगी बाजूला बसून बाही खाली ओढत असेल, तर मी वॅक्सचा हीटर लावतच नाही.

पूर्वी लावायचे. अशीच एक अकरा वर्षांची मुलगी आली होती. घरी कुणाचे तरी फोटो काढायचे होते म्हणून आईला तिचे पूर्ण हात-पाय करून हवे होते. मुलीनं काहीच मागितलेलं नव्हतं. पहिली पट्टी ओढली तेव्हा ती ओरडली नाही, फक्त अंगठा मुठीत घट्ट आवळला. आई म्हणाली, "झालं गं, एवढंसं तर आहे," आणि तिनं पोरीचं मनगट धरून ठेवलं. दुसरी पट्टी लावायला गेले तर हात थरथरत होता. मी थांबले. आईच चिडली, "असं अर्धवट कसं ठेवता?" पण मी पुढे हात लावला नाही. मुलगी घरी गेली ती मनगटापासून वर दोन बोटं रुंद गुळगुळीत पट्टा घेऊन. वॅक्सनंतर केस परत दिसायला तीन-चार आठवडे जातात. तेवढे दिवस तिनं उकाड्यातही पूर्ण बाहीचे कपडे घातले, हे नंतर तिच्या आईनंच सांगितलं. त्या दिवसापर्यंत त्या पोरीला आपल्या हातावरचे केस खुपत नव्हते. ते मी दाखवून दिले.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. मी आईला बाहेर बसवते आणि मुलीला विचारते, "तुला काढायचेत का?" खांदे उडवले, आईच्या दिशेनं पाहिलं, की "पुढच्या महिन्यात ये" म्हणते. गिऱ्हाईक जातं. जाऊ दे.

आता याच्या उलटी चूक, आणि ही माझ्याच घरातली. माझी मुलगी दहा वर्षांची असताना तिनं पायांवरच्या केसांबद्दल विचारलं. दिवसभर लोकांचे केस काढणारी बाई मी, आणि उत्तर काय दिलं? "अजून लहान आहेस, मोठी झालीस की बघू." पंधरा दिवसांनी तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही आणि मला वाटलं, विसरली. मग एका रात्री टॉवेलवर रक्ताचे ठिपके दिसले. बाबांचा रेझर घेऊन ती बाथरूममध्ये उभी राहिली होती. नळाचा आवाज बाहेर येईल म्हणून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. कोरड्या नडगीवर खालून वर, जोर लावून. घोट्याच्या हाडावरचं कातडं सोलून निघालं होतं आणि दुसऱ्या दिवशी मोजा त्या जखमेला चिकटून बसला. कोमट पाण्यात पाय बुडवून तो सोडवताना तिनं सांगितलं की वर्गात कुणीतरी तिला माकड म्हणालं होतं. दीड महिना ती हे घेऊन हिंडत होती.

तेव्हा मुलीनं विचारलं की आधी "का गं, कुणी काही बोललं का?" एवढं विचारा आणि गप्प बसा. "केस असणं नैसर्गिक आहे" हे व्याख्यान खरं असलं तरी त्या क्षणी उपयोगाचं नसतं. तिला केस काढायचेच असतील तर साधन तुम्ही हातात द्या, नाहीतर ती स्वतः शोधेल.

साधनाबद्दल माझं मत ऐकून पार्लरवाल्या मैत्रिणी नाराज होतात. पहिल्यांदा फक्त ट्रिमर. बॅटरीवरचा, पात्यावर जाळी असलेला. केस मुळापासून जात नाहीत, बारीक खुंट राहतात, पण कापत नाही, भाजत नाही, दुखत नाही. मुलीला लांबून केस दिसेनासे झाले म्हणजे पुरतं. "पण एकदम गुळगुळीत नाही ना होत," असं म्हणणाऱ्या मुली नसतात, आया असतात.

रेझरच हवा असेल तर तो तिचा स्वतःचा, नवा. घरातला कुणाचाही नको. आंघोळीच्या शेवटी, कातडी दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजल्यावर, फेस लावून, केस ज्या दिशेला झुकलेत त्याच दिशेनं, आणि दर ओढीला पातं धुऊन. गुडघ्यावर पाय किंचित वाकवायचा म्हणजे कातडी ताणलेली राहते. पाच-सात वेळा वापरला की फेकायचा. तो ओल्या बाथरूममध्ये ठेवायचा नाही. पहिल्या वेळी मी तिच्याशेजारी स्टुलावर बसते आणि माझ्या पायावर करून दाखवते. तिच्या पायाला हात लावत नाही.

"रेझरनं केस राठ येतात" हे मला रोज ऐकावं लागतं. येत नाहीत. १९२८ साली हे मोजूनसुद्धा पाहिलं गेलं. केसाचं टोक निमुळतं असतं, पातं ते आडवं कापतं, म्हणून नवा खुंट बोटाला टोचतो. मूळ आत कातडीखाली असतं, त्याला वर काय चाललंय याचा पत्ताही नसतो. मग एवढ्या बायका शपथेवर का सांगतात? कारण दहा ते चौदा या वयात हार्मोन्समुळे लव आपणहूनच जाड आणि काळी होत असते. रेझर नसता लावला तरी झालीच असती. योगायोगाचं खापर पात्यावर फुटतं.

केस काढायचं क्रीम बिनदुखीचं म्हणून आया बिनधास्त आणतात. ते केस विरघळवणारं रसायन आहे, चांगलंच अल्कधर्मी. केस केराटिनचे आणि कातडीचा वरचा थरही केराटिनचाच. क्रीमला दोघांतला फरक कळत नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नको. "जरा जास्त ठेवलं की नीट निघतील" या विचारानं लाल भाजलेल्या पोटऱ्या मी पुष्कळ पाहिल्यात. आधी पोटरीवर नाण्याएवढं लावून एक दिवस थांबा. तेवढा धीर नसेल तर आणूच नका. आणि हातापायाचं क्रीम ओठांवर कधीच नाही.

मुरमांची औषधं चालू असतील तर वॅक्स बंद. अॅडापलीनसारखं मलम जिथे लावतात तिथे वॅक्सबरोबर कातडीही निघून येऊ शकते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना, आणि संपल्यावरही सहा महिने, वॅक्सचा विचारही करू नका. मी हे दर वेळी विचारते, आया दर वेळी "साधं क्रीम आहे हो" म्हणतात. नाव वाचून दाखवा म्हटलं की तेच निघतं.

दुखू नये म्हणून पायभर सुन्न करणारं मलम चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळणं, हा शॉर्टकट हल्ली वाढलाय. हा तर अजिबात नको. ते औषध मोठ्या भागातून रक्तात उतरतं. लेझरच्या आधी असं करून दोन तरुणींचा जीव गेल्यावर २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. सुन्न करूनच सोसता येणार असेल, तर त्या वयाला वॅक्स झेपत नाही एवढंच समजा.

बाकीच्या चुका भराभर सांगते. लेझर इतक्यात नको, हार्मोन्स स्थिरावल्याशिवाय पैसे वाया जातात. ब्लीच केलं की सावळ्या हातावर सोनेरी केस उलट जास्त चमकतात. भुवया कोरून बारीक करू नका, सारख्या उपटलेल्या भुवया कधी कधी पुन्हा भरत नाहीत. खरखरीत दगडानं घासून केस घालवणं म्हणजे कातडी घालवणं. काखेतल्या घामाचा वास केसांमुळे येतो असं सांगून मुलीला घाबरवू नका, रोज साबण लावला तरी भागतं. केस काढल्यावर लगेच सुगंधी काहीही लावू नका. कातडीत अडकलेला केस सुईनं उकरू नका.

एक गोष्ट मात्र पार्लरमध्ये सुटत नाही. आठ वर्षांच्या आत काखेत किंवा जांघेत केस आले, किंवा हनुवटीवर, छातीवर, पोटावर राठ केस भराभर वाढायला लागले, तर आधी डॉक्टर. पाळी सुरू होऊन बरेच दिवस झाले तरी ती फार अनियमित असेल आणि सोबत असे केस असतील, तर तेही सांगा. अशा मुलीला मी हात लावत नाही, आईला रुसायचं तर रुसू दे.

माझ्या मुलीला त्या मोज्याच्या प्रकरणानंतर मी ट्रिमर आणून दिला. पहिले तीन महिने दर रविवारी त्याचा घर्रघर्र आवाज यायचा. मग महिन्यातून एकदा. परवा ड्रॉवर आवरताना तो हाताला लागला, चार्जिंग पार उतरलेलं. मी तसाच परत ठेवला.