आठवड्याची शेतावरची भाजी संपवायची कशी

आमच्याकडे दर गुरुवारी सासवडकडच्या एका शेतकरी दादांकडून भाजीची टोपली येते, महिन्याचे पैसे आधी भरायचे आणि मग शेतात जे निघेल ते घ्यायचं, आपण निवडायचं नाही. चौघांच्या घराला साधारण ५-६ किलो. सुरुवातीचे दोन महिने मी मंडईतून आणलेल्या भाजीसारखीच ती फ्रीजमधे कोंबत होते, आज भेंडी खावीशी वाटली की भेंडी करायची, आणि बुधवारी खालच्या ट्रेमधे शेपूची अख्खी जुडी काळी चिकट झालेली सापडायची. कोणीतरी पहाटे उठून काढलेली भाजी अशी टाकताना फार जीवावर यायचं. मग हळूहळू एक पद्धत बसत गेली, ज्यांनी नुकतीच अशी टोपली सुरू केलीये त्यांच्यासाठी ती लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आज काय खायचंय हा प्रश्न सोडून द्या, आज कुठली भाजी खराब व्हायच्या बेतात आहे ते बघा आणि तीच करा.

टोपली आली की अर्धा तास तिला द्यायचाच, दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. जमिनीवर पेपर पसरून सगळं ओतायचं. पालेभाजी धुवून ठेवायची नाही, ओली राहिली की कुजते. जुडी सोडा, पिवळी पानं काढा, मुळं कापा आणि जुन्या सुती ओढणीच्या तुकड्यात सैल गुंडाळून फ्रीजमधे ठेवा, धुवायची ती करायच्या वेळी. मुळा, गाजर, बीट, नवलकोल यांचा पाला लगेच वेगळा करा कारण तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि दोन दिवसात मुळा मऊ पडतो. पाला अर्थातच फेकायचा नाही, ती एक वेगळी भाजी झाली. पिकलेले टोमॅटो आणि केळी पालेभाजीच्या शेजारी नकोत, त्यांच्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि पाला भराभर पिवळा पडतो. लाल भोपळ्याची फोड आली असेल तर बिया आणि मधला तंतूंचा भाग आधी काढून टाका, सडायला सुरुवात तिथूनच होते. अख्खा भोपळा मात्र ओट्याखाली काही आठवडे आरामात राहतो.

मग क्रम. गुरुवार-शुक्रवार पालेभाज्या, शनिवार-रविवार भेंडी, वांगी, गवार, दोडका, घेवडा, आणि सोमवारनंतर दुधी, कोबी, गाजर, बीट, भोपळा. वांगी फार दिवस गार ठेवू नका, आतून काळी पडतात.

आता खरी अडचण अशी की टोपलीत कधी कधी आपण आयुष्यात न केलेली भाजी येते आणि आपण मोबाईलवर रेसिपी शोधत बसतो. त्यापेक्षा चार-पाच पद्धती हातात बसवा, पीठ पेरून, डाळ घालून, दाण्याचं कूट घालून, पातळ भाजी आणि भरली, बास. अनोळखी पाला आला तर एक पान धुवून चावून बघायचं. आंबट लागलं तर डाळ आणि गूळ घालून पातळ भाजी. कडवट किंवा तिखट लागलं, जसं मेथी किंवा मुळ्याचा पाला, तर पीठ पेरून. शेपूसारखा उग्र वास असेल तर भिजवलेली मूगडाळ आणि भरपूर लसूण. फळभाजीला पाणी सुटत असेल, दुधी पडवळ वगैरे, तर चणाडाळ घालायची, ती पाणी पिते आणि भाजीला अंग येतं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, दुधी आणि दोडका करायच्या आधी कच्चा एक छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर तो अख्खा फेकायचा, शिजवून तो कडूपणा जात नाही आणि कडू दुधीने, विशेषतः त्याच्या रसाने, माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. इथे टाकवत नाही म्हणून खायचं नाही.

पीठ पेरून करताना बहुतेक जण तेलात हात आखडतात आणि मग भाजीचा घशात तोठरा बसतो. मुळ्याच्या एका जुडीच्या पाल्याला दोन मोठे चमचे तेल लागतंच. मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, त्यावर बारीक चिरलेला पाला, पाणी सुटलं की तीन-चार चमचे बेसन चिमटीने भुरभुरत पेरायचं, एकदम ओतायचं नाही. झाकणावर पाणी ठेवून दोन वाफा काढायच्या, मग झाकण काढून परतत राहायचं, बेसनाचा कच्चा वास जाऊन खमंग वास आला की झाली.

पातळ भाजीबद्दल जरा सविस्तर सांगते कारण चुका आणि चाकवत या पालेभाज्या टोपलीत सारख्या येतात. पहिल्यांदा मी चुका, डाळ, दाणे सगळं एकत्र कुकरला लावलं, चार शिट्ट्या झाल्या, उघडून बघते तर डाळ टणक. आंबटात डाळ शिजत नाही हे तेव्हा कळलं. तर अर्धी वाटी चणाडाळ आणि मूठभर दाणे दोन तास भिजवून वेगळ्या भांड्यात शिजवा. चुका चिरून नुसता पातेल्यात ठेवला तरी पाच मिनिटात विरघळतो, हिरवा रंग जाऊन खाकी होतो, तो आंबटपणामुळे, काही बिघडलेलं नसतं. मग दोन चमचे बेसन घालून रवीने घोटा, डाळ-दाणे, तिखट, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घाला, पाणी घालून सात-आठ मिनिटं उकळू द्या. वरून फोडणी, तेलात सात-आठ मेथीदाणे, हिंग, लाल मिरच्या आणि लसणाच्या आठ-दहा पाकळ्या ठेचून, लसूण चांगला लाल होऊ द्यायचा, या भाजीचा जीव त्या लसणात आहे. चाकवत असेल तर त्याला स्वतःचा आंबटपणा नाही, म्हणून दोन वाट्या आंबट ताक, आणि ताकात बेसन आधीच कालवून घ्या आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाहीतर ताक फुटतं.

सालं-देठं हा माझा आवडता भाग. दोडक्याच्या शिरा बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, हिरवी मिरची, मीठ घालून अजून परतायच्या आणि जाडसर वाटायच्या, भाकरीबरोबर ही चटणी असेल तर मला भाजी लागत नाही. दुधीच्या सालींचंही असंच. कोथिंबिरीची कोवळी देठं वाटणात आणि आमटीत.

आणि बुधवारी काय होतं तर प्रत्येक भाजीचं थोडं थोडं उरतं, दोन भेंड्या, भोपळ्याची फोड, अर्धं पडवळ, चार शेंगा. यासाठी आपल्याकडे आधीपासून उत्तर आहे, ऋषिपंचमीची भाजी. फोडणी न करता चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, ओलं खोबरं आणि थोडं तूप, आधी कडक भाज्या मग मऊ भाज्या. अळू असेल तर चिंच हवीच, नाहीतर घशाला खाजतं. जानेवारीत गाजर, वाटाणा, पावटा, ओला हरभरा, वांगी असं सगळं एकदम येतं तेव्हा तीळकूट घालून भोगीसारखी मिसळ भाजी आणि बाजरीची तीळ लावलेली भाकरी, त्यासाठी भोगीच्या दिवसाची वाट बघायची गरज नाही. एवढं करूनही वाटीभर उरलीच तर दुसऱ्या दिवशी सकाळी भाजणीत मळून थालीपीठं लावायची, वरून लोणी.