कंत्राटदार बदलतो, काम तेच राहते : विद्यापीठातील कंत्राटी कर्मचाऱ्याने हक्काची मागणी कशी करावी

महाराष्ट्रातील कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठाच्या आवारात सकाळी सातला गेलात, तर कामावर दिसणारी बरीचशी माणसे विद्यापीठाच्या आस्थापनेवर नसतात. फाटकावरचा सुरक्षारक्षक, वसतिगृह झाडणाऱ्या मावशी, बागकाम करणारे, परीक्षा विभागातील डेटा एंट्री ऑपरेटर हे सगळे कंत्राटदाराच्या नावावर असतात. पगार थकला की ते सुपरवायझरला गाठतात. विद्यापीठाने बिल काढले नाही, असे तो सांगतो. विद्यापीठात गेले की ‘तुम्ही आमचे कर्मचारी नाही’ असे ऐकावे लागते, आणि या दोन उत्तरांच्या मध्ये महिने निघून जातात. एका विद्यापीठात मी काही वर्षे कंत्राटदारांच्या देयकांच्या फायली हाताळल्या आहेत, आणि हे दुसरे उत्तर मीही एकेकाळी दिले आहे. ते पुरेसे नव्हते, आणि ते कसे खोडून काढायचे हेच येथे सांगायचे आहे.

कायद्याच्या भाषेत विद्यापीठ हे ‘मुख्य मालक’ असते. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्यानुसार कंत्राटदाराने वेतन दिले नाही, तर ते मुख्य मालकाने द्यायचे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचे, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले, तरी ही जबाबदारी संपलेली नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या विशेष तरतुदींना ५० कामगारांची मर्यादा आहे, पण कंत्राटदाराने, म्हणजे तुमच्या थेट मालकाने, वेतन न दिल्यास ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्याच्यावर येणारी, या चारपैकी वेतन संहितेतील जबाबदारी या मर्यादेवर अवलंबून नाही. त्यामुळे तुमचे पहिले पत्र कंत्राटदाराच्या नावे न जाता विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या नावे गेले पाहिजे.

पत्र लिहिण्यापूर्वी कागद जमवावेत. नियुक्तीपत्र मिळणे हा आता प्रत्येक कर्मचाऱ्याचा हक्क आहे, पण ते मिळाले नसेल तर अडून बसू नये. तुम्ही त्या आवारात, त्या तारखांना, कोणाच्या सांगण्यावरून काम केले, हे दाखवणारा कोणताही कागद उपयोगी पडतो. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, हजेरीपटाच्या पानाचा फोटो, बँकेच्या पासबुकातील पगाराच्या नोंदी, ‘उद्या परीक्षा भवनात ड्यूटी आहे’ असा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप संदेश, हे सारे जपून ठेवावे. त्याशिवाय एक साधी वही करावी आणि येण्याजाण्याची वेळ रोज त्याच दिवशी लिहावी. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेल्या वहीत आणि रोज लिहिलेल्या वहीत फरक असतो आणि तो डोळ्यांना दिसतो. शाईसुद्धा एकसारखी नसते.

बँकेचे एटीएम कार्ड सुपरवायझरकडे ठेवायला लावण्याचा प्रकार मी स्वतः पाहिला आहे. सफाईच्या एका मावशींच्या खात्यावर किमान वेतनाची पूर्ण रक्कम दर महिन्याला जमा होत होती, आणि हातात मात्र त्यातली काही हजारांनी कमी रक्कम येत होती. कागदावर सगळे बिनचूक होते. अशा वेळी बँकेत जाऊन जुने कार्ड बंद करून नवे घ्यावे, आणि पैसे कोणत्या एटीएममधून, कोणत्या वेळी काढले गेले हे दाखवणारा खातेउतारा मागून घ्यावा. काढण्याच्या वेळी तुम्ही कामावर असल्याची हजेरी असेल, तर त्याहून बोलका पुरावा मिळणे कठीण आहे.

यानंतरचे काम माहिती अधिकाराचे. राज्य विद्यापीठाला माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ लागू आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ‘आम्हाला कमी पगार का मिळतो?’ असा प्रश्न विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर देण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याऐवजी कागद मागावेत : संबंधित कामाचा कार्यादेश, करारनामा, निविदेसोबतचे दर विश्लेषण, गेल्या १२ महिन्यांत कंत्राटदाराला अदा केलेल्या देयकांच्या प्रती, आणि प्रत्येक देयकासोबत जोडलेली भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा यांची चलने. इतर कामगारांची वैयक्तिक माहिती देण्यास नकार मिळू शकतो. म्हणून नावे न मागता चलनावरील एकूण कामगारसंख्या आणि एकूण रक्कम मागावी. तेवढे पुरते. माझ्यासमोर आलेल्या एका देयकात ६० माणसांचे पैसे मागितलेले होते आणि सोबतचे चलन ४३ जणांचे होते. ती दोन पाने एकाच टाचणीला लावलेली होती, त्यावर तीन सह्या होत्या, आणि सह्या करणाऱ्यांपैकी कोणीही दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

कागद आले की हिशेब करावा. किमान वेतन म्हणजे मूळ दर आणि विशेष भत्ता यांची बेरीज. हा भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, आणि दर परिमंडळानुसार वेगळे असतात, म्हणून तुमच्या शहराचे परिमंडळ आधी पाहावे. भविष्य निर्वाह निधीत तुमच्या वेतनातून साधारणतः १२ टक्के जातात आणि तेवढेच मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे असतात. राज्य विम्यात तुमचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. मालकाचा वाटाही तुमच्याच पगारातून कापला जात असेल, तर ती कपात बेकायदा आहे, मग पावतीवर तिला काहीही नाव दिलेले असो. रक्कम खरोखर भरली जाते का, हे यूएएन क्रमांकाने, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या तुमच्या भविष्य निधी क्रमांकाने, भविष्य निधीच्या पासबुकात पाहता येते. तो क्रमांकच कोणी सांगत नसेल, तर तेवढ्यावरूनही बरेच काही कळते.

सुरक्षारक्षकांनी दोन गोष्टी अधिक तपासाव्यात. बारा तासांची पाळी असेल, तर आठ तासांपुढच्या कामाला किमान दुप्पट दराने मोबदला मिळायला हवा. दुसरे असे की, खासगी सुरक्षारक्षकांसाठी महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत; एजन्सीला मंडळाच्या योजनेतून सूट मिळालेली असली, तरी तिच्या रक्षकांना मिळणारे लाभ मंडळाच्या लाभांपेक्षा कमी असता कामा नयेत.

आता अर्ज. तो एका पानाचा असावा. संहितेतील कलमांची यादी देण्याच्या भानगडीत पडू नये. एखादे कलम चुकले की कार्यालय त्यावरच उत्तर लिहिते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. मजकूर असा असू शकतो : ‘आम्ही खाली सही करणारे कर्मचारी अमुक कार्यादेशान्वये विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात सफाईचे काम करतो. आम्हाला ऑगस्ट व सप्टेंबर या महिन्यांचे वेतन मिळालेले नाही. विद्यापीठ मुख्य मालक असल्याने सदर वेतन विद्यापीठाने १५ दिवसांत अदा करावे व ते कंत्राटदाराच्या प्रलंबित देयकातून अथवा सुरक्षा अनामतीतून वसूल करावे, ही विनंती.’ शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण पैसे कोठून द्यायचे हा प्रश्न त्याने मिटतो. अर्जाची प्रत वित्त व लेखा अधिकाऱ्यांना द्यावी. सह्या जितक्या जास्त तितके चांगले. एकट्याने अर्ज केला की दुसऱ्या दिवशी त्याला ‘उद्यापासून येऊ नको’ असे तोंडी सांगणे सोपे जाते. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर वेतनासाठी जिल्ह्याच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात जावे, आणि भविष्य निधी व राज्य विम्याच्या तक्रारी त्या त्या संस्थेकडे स्वतंत्रपणे कराव्यात. वेतनाचा दावा करण्याची मुदत वेतन संहितेनुसार ३ वर्षे आहे, पण तोपर्यंत थांबणाऱ्याचे साक्षीदार पांगतात. विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत, असा युक्तिवाद कधीकधी कानावर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा प्रकरणात शिक्षणसंस्थाही ‘उद्योगा’च्या व्याख्येत आणल्या होत्या, नव्या औद्योगिक संबंध संहितेने ती व्याख्या बदलली आहे, म्हणून कामावरून कमी केल्याचा वाद असेल, तर वकिलाला विचारूनच पुढे जावे. पण वेतन, भविष्य निधी आणि विमा यांसाठी या वादात शिरण्याची गरज पडत नाही.

पैशाबाहेरच्या दोन बाबी. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कंत्राटी महिलाही येतात. तक्रार घटनेपासून ३ महिन्यांच्या आत विद्यापीठाच्या अंतर्गत समितीकडे करायची असते. आणि वसतिगृहाच्या सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने गुन्हा आहे. वॉर्डनने सांगितले तरी उतरू नये.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा मार्ग निराळा आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हे ‘कामगार’ नाहीत असे ठरवले, त्यामुळे कामगार न्यायालयाचे दार त्यांना बंद आहे. विद्यापीठ कायद्यातील तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरण ही त्यांची ठिकाणे. न्यायाधिकरणाकडील अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून अवघी ३० दिवसांची आहे. न्यायाधिकरणात सर्वांत आधी नियुक्तीचे स्वरूप तपासले जाते, म्हणून दर वर्षीचा नियुक्ती आदेश आणि तासिकांचा स्वाक्षांकित तक्ता जपावा. उपदानाबाबत (ग्रॅच्युइटीबाबत) मात्र २००९ च्या दुरुस्तीने शिक्षक १९९७ पासून उपदान कायद्यात आले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली.

कंत्राट संपण्याच्या महिन्यात सर्वाधिक सावध राहावे. जुना कंत्राटदार जातो, नवा येतो, माणसे तीच राहतात, आणि अखेरच्या महिन्याचा पगार मधल्या मध्ये अडकतो. सेवा संपल्यास सर्व वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच कुलसचिवांना पत्र देऊन, कामगारांची देणी चुकती झाल्याची खात्री होईपर्यंत कंत्राटदाराची सुरक्षा अनामत परत करू नये, अशी मागणी करावी. जुन्या कंत्राटदाराकडून भविष्य निधीच्या खात्यावर नोकरी सोडल्याची तारीख नोंदवून घ्यावी. नव्या कंत्राटदाराला जुनाच यूएएन द्यावा, नवा काढू देऊ नये. अनुभवाच्या दाखल्यात विद्यापीठाचे व विभागाचे नाव आणि कामाच्या पहिल्या दिवसाची तारीख नसेल, तर तो सही करणाऱ्याच्या टेबलावरच परत ठेवावा आणि दुरुस्त करून मागावा.