किनाऱ्यावरची योगासनं: आधी वाळू ओळखा

गोव्यात किंवा कोकणात समुद्रकाठी आसनं करायची तर आधी ओहोटीची वेळ पाहा. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. कोरड्या वाळूत तोल जातो, म्हणून ओलसर, घट्ट पट्टा निवडा. वर जाड सतरंजी. सूर्यनमस्कार पूर्वेकडे तोंड करून, म्हणजे इथे समुद्राकडे पाठच! अधोमुख श्वानासनात (हात-पाय टेकून कंबर वर उचलायची) तळहाताचा मनगटाकडचा भाग रुतला की मनगट जास्त वाकून दुखतं. तिथे टॉवेलची घडी ठेवा. शीर्षासन नकोच, डोकं रुतलं की मान अवघडते. शेवटी १० मिनिटं शवासन. घाईत बहुतेक जण नेमकं तेच गाळतात. लाटांशी श्वास जुळवायचा अट्टहास करू नका. तो आपल्या चालीनं चालू द्या. एखादं आसन आज जमलं नाही तर खुशाल सोडा.