कुकर फुटला, आईचा हात भाजला – माझा अनुभव

भांडुपच्या आमच्या घरी वरण शिजत असताना कुकरचं झाकण उडालं आणि आईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कुकर जेमतेम चार महिन्यांचा. दुकानदार म्हणाला, "कंपनीशी बोला." कंपनी म्हणाली, "तुम्हीच नीट लावला नसेल."

एक गोष्ट नशिबाने बरोबर झाली. मावशी कुकर घासायला निघाल्या होत्या, मी त्यांना थांबवलं. झाकण, रबर, शिट्टी, सगळं तसंच पिशवीत बांधून ठेवलं. दोष तपासायला ग्राहक आयोग (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारी यंत्रणा) वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तेव्हा तीच पुरावा. बिल, केसपेपर, हाताचे फोटोही जपले.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'उत्पादन दायित्व' असं वेगळं प्रकरणच आहे. बनावटीत किंवा रचनेत दोष असेल, वापराच्या सूचना अपुऱ्या असतील, तर इजेची भरपाई उत्पादकाकडे मागता येते. मुदत दोन वर्षं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठलीही असो. आणि तक्रारीचं शुल्क वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत काहीच नाही. कुकर अठराशेचा!

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस. उत्तर नाही. तेव्हा जिल्हा आयोगात अर्ज केला. कंपनीचा माणूस पहिल्यांदा घरी आला तो त्यानंतरच. दवाखान्याचा खर्च आणि आईच्या बुडालेल्या शिवणकामाचे पैसे लेखी तडजोडीत मिळाले. आईची दोन बोटं अजून पूर्ण वळत नाहीत.